जून महिन्यात गरिबांची परीक्षा कशी घ्यावी

मृगाचा पाऊस लागला, आंब्याच्या शेवटच्या पेट्या रवाना झाल्या आणि जूनच्या मध्यावर शाळांची घंटा वाजली, की कोकण किनारपट्टीवरच्या प्रत्येक सुस्थित नागरिकावर एक सार्वजनिक कर्तव्य येऊन पडते, ते म्हणजे गावातले गरीब खरोखरच गरीब आहेत की नाहीत याची खातरजमा करणे. हे काम शासनाने तलाठी आणि तहसीलदार यांच्याकडे सोपवलेले आहे हे खरे. परंतु ती मंडळी कागद पाहतात. माणूस पाहण्याची दृष्टी आपल्याकडे आहे, आणि ती वापरण्यासाठी कोणत्याही दाखल्याची, शिक्क्याची किंवा, खरे सांगायचे तर, माहितीचीही आवश्यकता नसते. या कर्तव्यात नवखे असलेल्या वाचकांसाठी काही सूचना पुढे देत आहे.

सुरुवात वह्या-पुस्तकांच्या दुकानापासून करावी. मालवणच्या बाजारपेठेतले कोणतेही दुकान चालेल. आपली खरेदी आधीच आटोपून घ्यावी आणि पाऊस थांबण्याची वाट पाहत असल्याप्रमाणे गल्ल्याशेजारी उभे राहावे. थोड्याच वेळात एखादी बाई नववीतल्या मुलाला घेऊन येईल. नवरा ट्रॉलरवर खलाशी आहे, हे तिने सांगण्याची गरज नाही. मालवणात आपल्याला सगळ्यांचे सगळे ठाऊक असतेच. तिच्या हातात शाळेने दिलेली यादी असते: दोनशे पानी वह्या सहा, शंभर पानी सहा, प्रयोगवही, चित्रकलेची वही, कंपासपेटी, शनिवारच्या कवायतीसाठी पांढरे बूट. ही यादी ती दुकानदाराच्या हाती देत नाही, याकडे लक्ष द्यावे. ती एकेक वस्तू तोंडाने मागते आणि प्रत्येकीची किंमत विचारते, कारण यादी एकदा दुकानदाराकडे गेली की तो सगळे एकदम काढून गठ्ठा बांधतो, आणि बांधलेल्या गठ्ठ्यातून तीन वह्या परत काढायला लावणे चारचौघांत बरे दिसत नाही. ‘दादा, दोनशे पानी तीनच दी. उरलेल्यो नारळी पुनवेनंतर नेतंय,’ असे ती म्हणते, तेव्हा मुलगा दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहतो आणि रस्त्यावरच्या पाण्याकडे फार मन लावून पाहू लागतो.

हीच वेळ साधावी आणि तिच्या हातातला मोबाइल पाहावा. काचेला तडा गेलेला असेल, मागचे झाकण रबराने बांधलेले असेल. त्याने काही बिघडत नाही. तो टचस्क्रीनचा आहे, एवढे आपल्या कामाला पुरेसे आहे. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअॅपवर येतो, लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीचा ओटीपी मोबाइलवर येतो, या गोष्टी मनात आल्यास त्या बाजूला साराव्यात, नाहीतर निष्कर्षाला उशीर होतो. बोलण्याची इच्छाच झाली, तर वह्यांवरचा वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालेला आहे, ही माहिती तिला आवर्जून द्यावी.

आता प्रश्न उरतो तो जूनमध्येच पैसे का नसतात हा. यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी असते, म्हणजे एकसष्ट दिवस खलाशाला समुद्रातून रुपया मिळत नाही, आणि शाळेचा सगळा खर्च नेमका याच एकसष्ट दिवसांत येतो. मासळीच्या प्रजननासाठी बंदी आवश्यक आहे याविषयी कोणाचे दुमत नसावे; माशांनी आपला विणीचा हंगाम शैक्षणिक वर्षाला धरून ठेवला, हा माशांचा दोष. खलाशाने मालकाकडून उचल घेतलेली असते, ती पुढच्या हंगामातून वळती व्हायची असते, आणि या दोन महिन्यांत तो जाळी दुरुस्त करतो, कोणाचे नारळ पाडतो, कोणाच्या लावणीला जातो. अशा वेळी आपण त्याला बचतीचे महत्त्व पटवून द्यावे. ‘बंदी काय अचानक येते? दरवर्षी येते, तर आधीच बाजूला काढून ठेवायला नको?’ हे वाक्य पाठ करून ठेवावे. आपल्याकडेही दिवाळी दरवर्षीच येते आणि तरीही आपण सणाची अग्रिम रक्कम कचेरीतून उचलतो, हे तेथे बोलण्याचे कारण नाही.

खरा गरीब कसा दिसतो याचीही निश्चित कल्पना मनाशी असावी. तो कृश असावा, त्याने मान खाली घालावी, मुलांना ठिगळ लावलेले कपडे घालावेत (ठिगळ मात्र स्वच्छ असावे), आणि त्याने कधीही, कोणत्याही कारणाने, मटण घेऊन जाताना दिसू नये. या बाबतीत आपल्याच किनाऱ्यावरचे एक जुने उदाहरण आहे. मुरुडचे धोंडो केशव कर्वे लहानपणी सार्वजनिक परीक्षेला बसण्यासाठी सह्याद्री चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि सतरा वर्षांचे दिसत नाहीत एवढ्या कारणावरून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. आज आपण व्याख्यानांतून कर्व्यांचे चालणे सांगतो, ते ठीकच आहे. परंतु पद्धत म्हणून अनुकरण करावे ते साताऱ्याच्या त्या साहेबांचे. दिसत नाही, म्हणजे नाही.

‘आमच्या वेळी’ या विषयावर दोन शब्द बोलण्याची संधी आपल्याला मिळेलच. इरले पांघरून, ओढे ओलांडून, अनवाणी शाळेत गेल्याची हकिकत सांगावी. ती बहुतेक खरीच असते. पण सांगताना थोडे जपावे. साठीच्या पुढच्या पिढीतल्या कोकणच्या कितीतरी निवृत्त अभियंत्यांनी, बँक व्यवस्थापकांनी आणि मुख्याध्यापकांनी तलाठ्याचा दाखला जोडून ‘ईबीसी’चा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या सवलतीचा, अर्ज भरलेला आहे, वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असल्याचे त्या दाखल्यात लिहिलेले असे, आणि त्यावर फी माफ होत असे. त्याच्याही आधीच्या पिढीतली मुले शहरात वार लावून जेवली, सोमवारी एकाकडे आणि मंगळवारी दुसऱ्याकडे. या गोष्टी ‘परिस्थितीवर मात’ या सदरात घालाव्यात. शाळेत मिळणारी आजची खिचडी मात्र ‘फुकट खाण्याची सवय’ या सदरात घालावी. दोन्ही सदरे वेगवेगळ्या वहीत ठेवली म्हणजे घोटाळा होत नाही.

हिशेबाचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे येथे थोडे थांबतो. दारिद्र्यरेषेखालच्या, ठरावीक मागास प्रवर्गांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींची शाळेतली गळती थांबावी म्हणून महाराष्ट्र शासनाने १९९२ साली उपस्थिती भत्ता सुरू केला. त्याचा दर रोज एक रुपया. वर्षाचे शाळेचे दिवस दोनशे वीस धरले, आणि मुलगी तापातही शाळेत आली, तर दोनशे वीस रुपये. दुसरीकडे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला, म्हणजे आपल्या टपाल खात्यातल्या किंवा कस्टममधल्या शेजाऱ्याला, पहिल्या दोन अपत्यांसाठी बालशिक्षण भत्ता मिळतो; जानेवारी २०२४ पासून तो दर अपत्यामागे महिना दोन हजार आठशे बारा रुपये पन्नास पैसे झाला, कारण महागाई वाढली की तो वाढावा अशी सोय नियमातच केलेली आहे. एका महिन्याच्या त्या रकमेत एका मुलीचा रोजचा रुपया जवळजवळ तेरा शालेय वर्षे पुरला असता, पण तो चौथीतच थांबतो, त्यामुळे ही तुलना अन्यायाची ठरेल. शेजाऱ्याला मिळतो तो त्याच्या सेवाशर्तींचा भाग आहे. मुलीला मिळतो तो रुपया करदात्याच्या खिशातून येतो. दोन्ही रकमा करदात्याच्याच खिशातून येतात, असे कोणी म्हणाल्यास त्याला विषयांतर करू नये असे सांगावे.

बागायतदार वाचकांसाठी तर हा हिशेब आणखी सोपा आहे. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असते, मग पेटीला काहीही भाव मिळो. केंद्राच्या किसान सन्मानाचे सहा हजार आणि त्यावर राज्याच्या नमो शेतकरीचे सहा हजार वर्षाकाठी खात्यात येतात ते शेतकऱ्याचा मान म्हणून. लाडक्या बहिणीचे दीड हजार महिन्याला येतात ते मात्र मताची किंमत म्हणून, आणि त्यातून ती मुलाचे बूट घेते की ओठांची लाली, यावर गावाने लक्ष ठेवले पाहिजे. या योजनेत दोन हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी महिलांनी आणि कित्येक पुरुषांनीही पैसे घेतल्याचे शासनानेच पुढे सांगितले. ही बातमी फार उपयोगी आहे. ती वाचून दाखवताना नजर मात्र समोरच्या भांडी घासणाऱ्या बाईकडे ठेवावी. (बागायतदारांविषयी माझ्या मनात काही नाही. मी त्यांच्याकडूनच आंबा घेतो, आणि मालाचे पैसे गौरी-गणपतीला देतो.)

यावर ती बाई एखादे वेळी तक्रार करील की शाळेला पैसे लागतातच. तेव्हा ‘सगळे फुकटच तर मिळते की’ असे म्हणावे, आणि तेही खोटे नाही. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके मोफत आहेत. वह्यांचाही खर्च वाचावा म्हणून २०२३-२४ पासून पुस्तकांतच कोरी पाने शिवण्याची कल्पना निघाली होती. मुले पुस्तकही आणत राहिली आणि वहीही, तेव्हा ती कल्पना २०२५ मध्ये मागे घेण्यात आली. सरकारी शाळांत गणवेशही मोफत आहे. आपल्या सावंतवाडीचे आमदार शिक्षणमंत्री असताना ‘एक राज्य एक गणवेश’ ठरला, २०२४-२५ मध्ये कापड राज्यपातळीवर घेऊन शिलाई महिला बचत गटांकडे देण्यात आली, आणि अनेक शाळांत स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदन मुलांनी गेल्या वर्षीच्या, आखूड झालेल्या कपड्यांत केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. या सगळ्यात पालकाने जूनमध्ये स्वतःच्या पैशाने एक जोड शिवून घेतला असेल, तर त्याला उतावळेपणा म्हणावे.

मुलगा नववीत गेला, की हे सर्व एकदम थांबते: पुस्तके, गणवेश, दुपारचे जेवण. शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वयापर्यंतचा आहे, आणि चौदाव्या वाढदिवसाला कुटुंब सुस्थितीत येते, असे कायद्याचे गृहीतक असावे. दुकानातल्या त्या मुलाची यादी लांब होती ती एवढ्याचसाठी. मुलगी असती तर निदान एसटीचा पास फुकट असता.

खासगी इंग्रजी शाळेतल्या पंचवीस टक्के राखीव जागांचा विषय निघाल्यास फार बोलू नये. एक लाखाच्या आतले वार्षिक उत्पन्न, म्हणजे महिन्याला आठ हजार तीनशेच्या आसपास. एवढ्या पैशांत घर चालवणाऱ्याचे मूल आपल्या मुलाच्या बाकावर बसावे, हा कायदा २००९ पासून आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या प्रवेशांतून सूट देऊन आपली अडचण ओळखली होती. उच्च न्यायालयाने ती अधिसूचना जुलैत रद्द केली. खोटे दाखले काढून गाडीवाल्यांनीही या जागा बळकावल्या आहेत, हेही खरे. त्यामुळे संशय सगळ्यांवर घ्यावा, म्हणजे कोणावर अन्याय झाला असे होत नाही.

सर्वांत जपून वापरावे असे वाक्य म्हणजे ‘फुकटचे धान्य मिळते म्हणून गडी मिळत नाहीत.’ माणशी महिना पाच किलो धान्य मिळाल्यावर माणूस कलमांना खत घालायला का येईल, हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. ऐकणाऱ्याने मजुरी किती देता, पावसात किती दिवस काम देता, आणि बागेतल्या खोपीत राहणारा नेपाळी गडी आपली मुले कोणत्या शाळेत घालतो, असे विचारू नये एवढी काळजी घ्यावी. म्हणून हे वाक्य समारंभात, जेवणाच्या पंगतीत, सर्वांचे तोंड भरलेले असताना टाकावे.

श्रावण उलटला की परीक्षेचा दुसरा टप्पा येतो. गणपती आणणाऱ्या घरात मूर्ती किती फुटांची आहे, मूर्तीवर टांगलेली फळाफुलांची माटवी किती भरली आहे, हे पाहून ‘वह्यांना पैसे नव्हते ना?’ असे मनाशी म्हणावे. मोठ्याने म्हणू नये, कारण प्रसाद घ्यायचा असतो.

तोपर्यंत आपली स्वतःची कागदपत्रे मात्र वेळेवर पाहावीत. विवरणपत्र भरण्याची मुदत सर्वसाधारणपणे ३१ जुलैला संपते, मासेमारीची बंदीही त्याच दिवशी संपते, त्यामुळे तारीख लक्षात ठेवणे सोपे आहे. जुनी करप्रणाली निवडली असेल, तर दोन मुलांच्या शाळेचे शिक्षण शुल्क, इतर गुंतवणुकीसह दीड लाखाच्या मर्यादेत, वजा करून घ्यावे. देणगी आणि बसचे भाडे त्यात धरले जात नाही, तेव्हा शाळेकडून पावती नीट फोड करून मागावी. ती सनदी लेखापालाला व्हॉट्सअॅपवर पाठवली तरी चालते. तलाठ्याकडे जावे लागत नाही.