प्लेस्टेशन ३ वरील लिनक्स : एका आक्षेपाला उत्तर

स. न. वि. वि.

सोनीच्या प्लेस्टेशन ३ या खेळाच्या यंत्रावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण साताऱ्याहून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे, की २५६ एमबी मेमरीच्या खेळाच्या यंत्रावर एवढी खटपट करण्यापेक्षा जुना संगणक घेतलेला बरा, आणि अशा लेखांमुळे मुले कंपनीचे कुलूप तोडायला शिकतात.

कुलपाविषयी आधी लिहितो. २००६ साली आलेल्या या यंत्राच्या सेटिंग्जमध्ये दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याचा पर्याय सोनीनेच दिला होता. हार्ड डिस्कची वाटणीही तिथूनच होत असे. २००९ च्या स्लिम मॉडेलमध्ये तो पर्याय दिला गेला नाही, आणि १ एप्रिल २०१० च्या ३.२१ या अपडेटने सुरक्षेचे कारण देऊन तो जुन्या यंत्रांवरूनही काढून टाकला. अपडेट नाकारणाऱ्याचे ऑनलाइन खेळणे बंद झाले. पैसे मोजून घेतलेल्या दोन सोयींपैकी एक सोडा, असे ग्राहकाला सांगणे मला तेव्हाही अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते. मात्र लेखात ‘कोणत्याही प्लेस्टेशन ३ वर’ असे मी लिहून गेलो, ती माझी चूक आहे. ३.१५ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर राहिलेल्या जुन्या जाड मॉडेलवरच हे जमते. फेरफार केलेली सिस्टिम टाकून तो पर्याय परत मिळवा, असे मी सुचवलेले नाही.

मेमरीबाबत आपले म्हणणे मान्य आहे. ग्राफिक्स चिपचा पुरता वापरही लिनक्सला करू दिला जात नसे. रोजच्या कामाला जुना संगणकच घ्यावा.

माझा आग्रह शिकण्यापुरता आहे. यातल्या सेल प्रोसेसरमध्ये एका मुख्य गाभ्याच्या (कोअरच्या, म्हणजे प्रत्यक्ष गणित करणाऱ्या भागाच्या) हाताखाली आठ सहायक गाभे आहेत. त्यांतला एक बंद, एक यंत्राच्या स्वतःच्या कामाला राखीव, आणि सहा लिनक्सच्या वाट्याला येतात. प्रत्येकाजवळ अवघी २५६ केबी मेमरी असते, प्रोग्राम आणि डेटा दोन्ही तेवढ्यातच बसवावे लागतात, आणि मुख्य मेमरीतून एका खेपेला जास्तीत जास्त १६ केबी आपणच मागवून घ्यावे लागतात. विश्रामबागेतल्या खोलीत, भारनियमनाच्या वेळा सांभाळत, मी आयर्विन पुलाचा एक फोटो धूसर करणारा प्रोग्राम लिहीत होतो. फोटोच्या आडव्या पट्ट्या पाडून त्या सहा जणांत वाटल्या, तर पुलाच्या कमानींवर दर पट्टीच्या सांध्याला बारीक रेघ उमटली, कारण शेजारच्या पट्टीची कडेची ओळ मी कोणालाच दिली नव्हती. ती ओळ सोबत पाठवताच रेघा गेल्या, तरी वेग काही वाढेना. तेव्हा लक्षात आले, की साखर कारखान्यात गव्हाणीवर एक गाडी रिकामी होत असताना उसाची दुसरी गाडी मागे उभीच असते, तशी एका पट्टीवर काम चालू असतानाच पुढची पट्टी मागवलेली हवी. साध्या संगणकात ही ने-आण कॅशे, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी जलद मेमरी, गुपचूप करतो, त्यामुळे ती असते हेच विद्यार्थ्याला कळत नाही. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने २०१० मध्ये सुमारे १,७६० प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभारला, तो याच प्रोसेसरच्या बळावर.

लेखातले ‘घरचा स्वस्त संगणक’ हे शब्द मी आज काढत आहे. पट्ट्यांचा प्रोग्राम मात्र तसाच ठेवला आहे. सांगलीला येणे झाले तर अवश्य या, माझे यंत्र अजून चालू आहे आणि ३.१५ वरच आहे.