डिस्चार्ज कार्डावर सगळं ठीक होतं

आईच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि पाचव्या दिवशी तिला घरी सोडलं. कार्डावर लिहिलं होतं, 'प्रकृती स्थिर, टाके कोरडे.' नवव्या दिवशी रात्री तिने हाक मारली. पट्टी भिजली होती, शेवटच्या दोन टाक्यांपाशी लालबुंद सूज आणि कडेने पू. सकाळी जवळच्या डॉक्टरांनी ते दोन टाके उघडले. पुढे तीन आठवडे रोज ड्रेसिंग. आज ती बरी आहे. पण ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलातून एकदाही फोन आला नाही, आम्हीही कळवलं नाही. त्यांच्या वहीत आई आजही 'यशस्वी'च्या रकान्यात आहे.

सर्जनवर माझा राग नाही. आतड्याच्या ऑपरेशनात जखम चिघळण्याचा धोका असतोच, कितीही चांगला हात असला तरी. राग आहे तो नंतर कुणी विचारलंच नाही याचा. ऑपरेशननंतरचे ३० दिवस मोजायचे हा संकेत जगभर रूढ आहे, कारण बरेचसे संसर्ग घरी गेल्यावरच डोकं वर काढतात. डिस्चार्जच्या दारात मोजणी थांबवली, की हॉस्पिटल आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं.

बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन शंभर वर्षांपूर्वी हेच सांगत होते. घरी गेलेल्या रुग्णाला पुन्हा गाठा, शेवटी त्याचं काय झालं ते लिहा आणि लोकांना दाखवा. त्यांच्या छोट्या हॉस्पिटलातून १९११ ते १९१६ या काळात ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका कॉडमननी नोंदवल्या आणि छापल्या. छापल्या! आज असं करणारं एक हॉस्पिटल मला दाखवा.

'असं मोजलं तर अवघड पेशंट कुणी हातात घेणार नाही', असं डॉक्टर म्हणतात. भीती खरी आहे. म्हणूनच नुसती टक्केवारी लावून चालत नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांनी १९९४ पासून वय, आजार, तातडीचं ऑपरेशन हे सगळं धरून किती मृत्यू अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात किती झाले, हे ताडून पाहायला सुरुवात केली. नोंदी ठेवायला वेगळ्या प्रशिक्षित नर्स नेमल्या. हे होऊ शकतं.

आणि मोजल्यावर अनपेक्षित गोष्टी कळतात. २००९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात सर्वांत कमी मृत्यूंच्या हॉस्पिटलांत मृत्यूचं प्रमाण ३.५ टक्के होतं आणि सर्वांत जास्तवाल्यांत ६.९ टक्के. गुंतागुंत मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच, साधारण चौघांमागे एकाला. फरक होता तो गुंतागुंत झाल्यावर रुग्णाला वाचवण्यात. म्हणजे रात्री दोन वाजता नाडी वाढली तर ते कुणाच्या लक्षात येतं, ती नर्स कुणाला उठवते आणि तो येतो का, यावर जीव ठरतो. जाहिरातीत फोटो मात्र मशीनचा असतो.

बाबांच्या हर्नियाच्या वेळी मी आधीच विचारलं, महिन्याने फोन करता का? नाही म्हणाले. तेव्हा तिसाव्या दिवशी मीच केला. म्हटलं, जखम छान भरली आहे, एवढं लिहून घ्या. पलीकडची मुलगी क्षणभर थांबली आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "सर, कुठे लिहू?"