कप्तान कुकचे खलाशी नाचून वाचले नाहीत

नौदल दिनाच्या सोहळ्यात गेटवे ऑफ इंडियासमोर सी कॅडेट कोअरची मुलं हॉर्नपाइप हा खलाशी थाटाचा इंग्रजी नाच नाचतात, त्याचा एक व्हिडिओ फिरतोय. व्हिडिओ झकास आहे. त्याखाली चिकटवलेला मजकूर मात्र डोक्यात जातो. फॅमिली ग्रुपवर तो वाचून आमच्या मामांनी जाहीर केलं की हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून दंतवैद्याकडे जायची गरज नाही, रोज दहा मिनिटं ‘सेलर्स हॉर्नपाइप’ ही त्या नाचाची धून लावून नाचलं की पुरे.

मजकुराचा गोषवारा असा: ही धून खलाशांनी जहाजावर रचली, सतराव्या शतकात सॅम्युअल पेप्स या इंग्रज सरकारी अधिकाऱ्याच्या डायरीत ती आली, अठराव्या शतकातला ब्रिटिश दर्यावर्दी कप्तान जेम्स कुक याने तिच्यावर नाच बसवला, त्या नाचामुळे त्याच्या जहाजावर स्कर्व्हीने एकही माणूस मेला नाही, आणि शेवटी पोपाय या खलाशाच्या कार्टूनवाल्यांनी ती ढापली.

आधी स्कर्व्ही, कारण मामांच्या हिरड्यांचा प्रश्न आहे. हिरड्यांतून रक्त आणणारा हा रोग ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. ते शरीरात नाचून तयार होत नाही, खावंच लागतं. १७४७ साली ‘सॅलिस्बरी’ जहाजावर डॉक्टर जेम्स लिंडने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या. कुणाला समुद्राचं पाणी दिलं, कुणाला व्हिनेगर, कुणाला सायडर, कुणाला पातळ केलेलं गंधकाम्लसुद्धा! एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. आठवड्याच्या आत संत्र्या-लिंबाच्या जोडीतला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला. १७५३ मध्ये लिंडने हे सगळं ग्रंथात छापलं, तरी लिंबाचा रस ब्रिटिश नौदलात सर्रास मिळायला १७९५ उजाडलं.

आता कुक. त्याच्या ‘एन्डेव्हर’ जहाजाच्या १७६८ ते १७७१ च्या सफरीत स्कर्व्हीने कुणी दगावलं नाही असं मानतात, हे खरं. पण जहाजावर आंबवलेल्या कोबीची पिंपं होती, आणि जिथे नांगर टाकला तिथे कुक ताजा भाजीपाला मिळवायचा. आणि फॉरवर्डमध्ये सोयीस्करपणे गाळलेला भाग असा की त्याच जहाजावरची तीसेक माणसं बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, आणि तिथून निघाल्यावर हगवण-मलेरियाने गेली. नाच एवढा रामबाण होता तर तेव्हा काय झालं? मामा रोज वरणभातावर लिंबू पिळतात, त्यांना स्कर्व्ही झाला असेल असं मला वाटत नाही. रक्त कशामुळे येतंय ते दंतवैद्यच सांगेल.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. व्यायाम म्हणून खलाशांना नाचवण्याची पद्धत खरंच होती. कुकच्या हाताखाली काम केलेल्या विल्यम ब्लायने ‘बाउंटी’ जहाजावर मायकेल बर्न नावाचा जवळजवळ आंधळा फिडलवाला (व्हायोलिनवादक) मुद्दाम घेतला होता आणि रोज संध्याकाळी खलाशांना तो नाचायला लावी. १७८९ मध्ये त्याच खलाशांपैकी काहींनी बंड करून ब्लायला होडीत बसवून दिलं. तेव्हा नाचाने मन प्रसन्न राहतं हाही दावा जरा जपूनच करावा.

धुनीचं जन्मस्थान जहाज असल्याचा पुरावा नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या छापील संग्रहांत ती ‘कॉलेज हॉर्नपाइप’ या नावाने मिळते. पेप्सने डायरी १६६९ मध्ये थांबवली. त्या काळचे हॉर्नपाइप तीनच्या मापात चालायचे, हँडल या संगीतकाराच्या ‘वॉटर म्युझिक’मधला हॉर्नपाइपही तसाच. पोपायची ही धून चारच्या मापातली, वेगळ्याच घाटाची. पोपायवाल्यांनी ढापली म्हणावं, तर १९३३ मध्ये त्यांचं पहिलं कार्टून येईपर्यंत ती दीड शतक जुनी आणि सगळ्यांचीच झाली होती.

राहिला नाच बसवण्याचा मुद्दा. हॉर्नपाइप तेव्हा लंडनच्या रंगभूमीवरचा लाडका आयटम होता. नॅन्सी डॉसन ही नर्तकी १७५९ मध्ये ‘बेगर्स ऑपेरा’ या संगीत नाटकात हॉर्नपाइप नाचून एका रात्रीत प्रसिद्ध झाली. दोर ओढणं, कपाळावर हात धरून क्षितिज न्याहाळणं हा सगळा अभिनय रंगमंचावर शोभणारा आहे. खलाशाच्या भूमिकेत हा नाच गाजवणारा एक कुक खरोखर होता, पण तो टी. पी. कुक, १८२९ च्या ‘ब्लॅक-आइड सुझन’ नाटकातला नट. लहानपणी तो नौदलात होता, एवढं श्रेय त्याला देऊ. कप्तान कुक १७७९ मध्येच मारला गेला होता, हा कुक जन्मला १७८६ मध्ये. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा दोघांची खिचडी केली आहे.