दुसऱ्या महिन्यात पूड घेऊन मुलीचा मुलगा होत नाही

‘गर्भाचं लिंग दुसऱ्या महिन्यात पक्कं होतं, तोवर बदलता येतं’ असं सांगणारा एक लांबलचक मेसेज फिरतोय. माझ्या आतेबहिणीला तो तिच्या जावेने पाठवला, खाली ‘अजून वेळ गेलेली नाही’ अशी ओळ जोडून. बहिणीला सातवा आठवडा चालू आहे. यातलं खरं किती, असं तिने विचारलं. तिला फोनवर सांगितलं तेच इथे नीट लिहितेय, कारण हा मेसेज अशाच दिवसांत असलेल्या आणखी कितीतरी जणींकडे पोचला असणार.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगा की मुलगी हे आईचं शरीर ठरवतं, आणि कोंबडी नि मगर हा त्याचा पुरावा. पाळीनंतरच्या सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी. क्षारधर्मी आहार घेतला तर मुलगा. आणि हे सगळं हुकलं तरी दुसऱ्या महिन्यात एक पूड रिकाम्या पोटी घ्यायची, कारण ‘सहा आठवड्यांपर्यंत सगळे गर्भ सारखेच असतात, हे विज्ञानही मानतं’.

पुडीपासूनच सुरुवात करते. बाकीच्या दाव्यांनी फार तर वेळ वाया जाईल, पुडीने बाळाला इजा होऊ शकते.

सुरुवातीला सगळे गर्भ सारखे दिसतात, एवढं वाक्य नाइलाजाने मान्य करावं लागतं. फलनानंतर साधारण सहा आठवडे जननग्रंथी पाहून तिचं वृषण होणार की अंडाशय, हे सांगता येत नाही. नलिकांच्या दोन्ही जोड्या प्रत्येक गर्भात असतात. एकीतून पुढे गर्भाशय घडू शकतं, दुसरीतून वीर्यवाहिन्या. पण नुसतं दिसत नाही म्हणून काही ठरलेलंच नाही, हा निष्कर्ष कुठून आला? शुक्रजंतू बीजांडात शिरतो तेव्हाच सोबत एक्स किंवा वाय गुणसूत्र आणतो, आणि पुढच्या प्रत्येक पेशीत त्याचीच नक्कल उतरत जाते. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय हे जनुक सहाव्या आठवड्याच्या सुमारास जागं होतं आणि ग्रंथीला वृषणाच्या वाटेला लावतं. हे जनुक १९९० साली सापडलं. पुढच्याच वर्षी संशोधकांनी उंदराचं तेच जनुक नुकत्याच फलित झालेल्या बीजांडांत सुईने टोचलं, तेव्हा दोन एक्स गुणसूत्रं असलेला एक उंदीर वृषणं घेऊन नर म्हणून वाढला. तोही वांझ निघाला. प्रयोगशाळेत, एका पेशीच्या अवस्थेत, थेट जनुक घालून जे साधलं, ते पाण्याबरोबर गिळलेली पूड लाखो पेशी तयार झाल्यावर कसं साधणार?

मग पूड काय करू शकते? समजा तिच्यात पुरुषी संप्रेरकासारखं काही असलं आणि गर्भ मुलीचा असला, तर तिची बाहेरची जननेंद्रियं वेडीवाकडी घडू शकतात: शिश्निका मोठी होते, भगोष्ठ एकमेकांना चिकटतात. गरोदरपणात डॅनाझॉल हे पुरुषी संप्रेरकासारखा परिणाम करणारं औषध घेतलं गेलं तेव्हा असं घडल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. आत अंडाशय जागच्या जागी, गर्भाशय जागच्या जागी, गुणसूत्रं एक्स-एक्सच. मुलगा झालेला नाही, पोटातल्या मुलीला इजा मात्र झाली.

आणि पुडीत संप्रेरक नसलं तरी वेळ बघा. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. त्या हिशोबाचा दुसरा महिना म्हणजे फलनानंतरचा साधारण तिसरा ते सहावा आठवडा. हृदय, हातपाय, कान, डोळे याच दिवसांत घडत असतात. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ पासून निर्धोक म्हणून विकलं गेलं, गरोदर बायकांनी ते मळमळीवर घेतलं, आणि १९६१ च्या अखेरीस ते बाजारातून काढेपर्यंत हजारो मुलं अर्धवट हातापायांची जन्मली. त्याचा घातक काळ होता फलनानंतर साधारण २० ते ३६ दिवस, म्हणजे मेसेजने पुडीसाठी सांगितलेलेच दिवस. ज्यात काय आहे हे पाकिटावरही लिहिलेलं नाही, ती वस्तू नेमक्या याच दिवसांत रिकाम्या पोटी घ्यायला सांगणाऱ्यांचा मला संताप येतो.

सम-विषम रात्रींचा दावा एका अभ्यासातच निकालात निघतो. संशोधक ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी गर्भधारणेची इच्छा असलेल्या २२१ स्त्रियांची ६२५ ऋतुचक्रं रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून तपासली. १९९५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष छापून आले. बीजांड सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांतल्या संबंधांतूनच गर्भ राहिला, आणि यातला कोणता दिवस होता याचा बाळाच्या लिंगाशी काही संबंध आढळला नाही. शुक्रजंतू आत चार-पाच दिवस जिवंत राहू शकतात. म्हणजे सम रात्रीच्या संबंधातलं फलन विषम दिवशीही होऊ शकतं. मग मोजायची कोणती रात्र?

आहाराबद्दल फार लिहीत नाही. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे रक्त किती आम्ल किंवा क्षारधर्मी आहे याचं माप) शरीर ७.३५ ते ७.४५ मध्येच राखतं, ताटात काहीही असो.

कोंबडीचं म्हणणं मात्र खरं आहे. पक्ष्यांत मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं असतात, त्यामुळे पिल्लू नर की मादी हे तिच्या अंड्यावर ठरतं. माणसात आणि बहुतेक सस्तन प्राण्यांत नेमकं उलट. बाईच्या प्रत्येक बीजांडात एक्सच असतो, फरक शुक्रजंतूत असतो. म्हणजे कोंबडीचा दाखला देऊन बाईला जबाबदार धरणाऱ्याने चुकीचा प्राणी निवडला. अर्थात बापालाही यात निवड नसते, त्याचे साधारण निम्मे शुक्रजंतू एक्सचे आणि निम्मे वायचे. मगरीत लिंग अंडी उबतानाच्या तापमानावर ठरतं, हेही खरं. पण मगरीला लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नसतात, आणि अंडी वाळूत नाहीतर पालापाचोळ्यात पडलेली असतात. आपला गर्भ आईच्या जवळपास ३७ अंशांत वाढतो आणि गुणसूत्रं सोबत घेऊन आलेला असतो.

राहिले मेसेजच्या शेवटी जोडलेले ‘अनुभव’. दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे तसेही जन्मतात. काहीही दिलं तरी निम्म्याहून थोड्या जास्त घरांत मुलगाच होणार, आणि ती घरं ‘गुण आला’ म्हणून लिहिणार. ज्यांच्या घरी मुलगी झाली, ते कशाला लिहायला जातील?

पूड घ्यायला सुरुवात केली असेल, तर आजच थांबवा. पाकीट फेकू नका. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना ते दाखवा, कोणत्या तारखेपासून आणि किती घेतली ते सांगा, आणि ओरडा बसेल म्हणून लपवू नका. पुढची सोनोग्राफी करताना काय बारकाईने बघायचं, हे त्यांना त्यावरूनच ठरवता येईल.