कर्शनर सरांचं छोटं विमान

अमेरिकेत व्हर्जिनियात डलेस विमानतळाजवळ स्मिथसोनियनचं विमानांचं संग्रहालय आहे, उडवार-हेझी सेंटर. ब्लॅकबर्ड, कॉन्कॉर्ड, डिस्कव्हरी यान, सगळी दिग्गज मंडळी एका छताखाली. तिथेच वर सेसना १५२ एरोबॅट हे कसरतीही करू शकणारं शिकाऊ विमान टांगलंय. दोन सीटचं, ११० हॉर्सपॉवरचं. माझ्याबरोबरचे सगळे ब्लॅकबर्डकडे धावले, मी मात्र या विमानाखाली थांबले. डोळे भरून आले होते.

ते विल्यम कर्शनर या अमेरिकन फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं विमान. आमच्या फ्लाइंग क्लबच्या हॉस्टेलवर आम्ही त्यांना कर्शनर सरच म्हणायचो. त्यांना कधी भेटलो नाही, पण शिकलो त्यांच्याकडूनच.

मीही विमान उडवायला १५२ वरच शिकले. सोलोच्या, म्हणजे पहिल्या एकटीच्या उड्डाणाच्या, आधी स्टॉलचा सराव करताना माझे हातपाय गार पडायचे. क्लबचं आणि इन्स्ट्रक्टरचं नाव घेत नाही, पण "नाक खाली घे, पॉवर दे, एवढंच लक्षात ठेव" यापलीकडे मला काही सांगितलं गेलं नाही. का, असं विचारलं की ओरडा बसायचा. शेवटी एका सीनियर ताईने तिचं जुनं पुस्तक हातात दिलं. कर्शनर यांचं 'स्टुडंट पायलट्स फ्लाइट मॅन्युअल'. त्यातली चित्रंही त्यांनी स्वतः काढलेली. ती बघतानाच अर्धी भीती गेली.

स्टॉल म्हटलं की बहुतेकांना इंजिन बंद पडलं असं वाटतं. इंजिनाचा त्याच्याशी संबंधच नाही. चालत्या गाडीच्या खिडकीबाहेर तळहात किंचित तिरका धरला की तो वर उचलला जातो. तिरका करत गेलात तर एका कोनानंतर उचलणं कमी होतं आणि हात नुसता मागे ढकलला जातो. पंखाचंही तसंच. हवा ज्या कोनात पंखावर येते तो मर्यादेबाहेर गेला की पंखाची उचल ढासळते, म्हणजेच तो स्टॉल होतो, मग वेग कितीही असो. हे मला समजलं त्या दिवशी पहिल्यांदा मी स्टॉलमधून न घाबरता बाहेर आले. पाठांतर तेच होतं, नाक खाली घे. पण आता मी कोन कमी करत होते, हुकूम पाळत नव्हते.

कर्शनर टेनेसीचे. १९४५ मध्ये, पंधराव्या वर्षी, विमानं धुऊन आणि हाताने प्रोपेलर फिरवून द्यायची कामं करून त्यांनी उड्डाणाचे तास मिळवले. एकोणिसाव्या वर्षी इन्स्ट्रक्टर झाले. मग नौदलात रात्रीच्या लढाऊ स्क्वाड्रनमध्ये वैमानिक होते, पुढे पायपर या छोट्या विमानांच्या कंपनीत चाचणी उड्डाणं केली. आयोवा स्टेटमधून तांत्रिक पत्रकारितेची पदवी घेतलेली. मला ही पदवी सगळ्यात महत्त्वाची वाटते. उडवणारे खूप असतात, उडवणं कागदावर उतरवता येणारे फार थोडे. विद्यार्थ्यांसाठीचं ते पुस्तक १९६० मध्ये आलं. नंतर इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग (बाहेर न बघता उपकरणांवरून उडवणं), पुढच्या टप्प्याचे वैमानिक, एरोबॅटिक्स (हवाई कसरती) आणि खुद्द इन्स्ट्रक्टर यांच्यासाठीही त्यांनी पुस्तकं लिहिली.

एवढं नाव झाल्यावर माणूस कुठे असायला हवा होता? ते सिवानी नावाच्या छोट्या गावात राहिले आणि या एरोबॅटमध्ये एका वेळी एकालाच शेजारी बसवून स्पिन, म्हणजे गरगरत खाली जाणारं विमान सावरणं, शिकवत राहिले. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी स्पिनची सक्ती अमेरिकेने १९४९ मध्येच काढली होती. तरी ते शिकवत राहिले, कारण स्पिनमध्ये आपली पहिली प्रतिक्रियाच घातक असते. एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त स्टॉल झालेला असतो, विमान गरगरत खाली जात असतं, समोर नुसती जमीन फिरताना दिसते. अशा वेळी हात आपोआप कंट्रोल मागे ओढतात आणि विमान सरळ करायला एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे भाग, फिरवतात. दोन्ही चूक. पॉवर बंद, एलेरॉन मधोमध, फिरण्याच्या उलट बाजूला पूर्ण रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) आणि मग कंट्रोल पुढे. हे वाचून कळतं, पण अंगात यायला शेजारी शांत बसलेला माणूस लागतो.

१९९२ मध्ये ते अमेरिकेतले वर्षाचे सर्वोत्तम फ्लाइट इन्स्ट्रक्टर ठरले. जानेवारी २००७ मध्ये गेले. पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या, त्या कामात त्यांचा मुलगा आहे.

आता जे मनात खदखदतंय ते लिहिते. आपल्याकडे वैमानिक परवान्यासाठी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, पेपरला सत्तर टक्के लागतात आणि मुलं क्वेश्चन बँका पाठ करतात. मुलांना मी दोष देत नाही. घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं, काहींनी शेत विकलेलं असतं, पेपर राहिला की महिने जातात. पण पर्याय 'ब' बरोबर का आहे हे समजावणारं चार पानी टिपण कुणी लिहून दिलं, तर त्या माणसाला आपण काय मान देतो? फ्लाइंग इन्स्ट्रक्टरकी म्हणजे एअरलाइनची नोकरी लागेपर्यंतची तात्पुरती सोय, असंच अजून मानलं जातं. मला याची मनापासून चीड येते. आयुष्यभर शिकवायचं ठरवणाऱ्याला चांगला पगार आणि कॅप्टनइतकाच मान मिळायला हवा. आणि आपल्या भागातून आलेल्या, इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं हवीत. मी हवामानशास्त्रापासून सुरुवात केली आहे. मान्सूनचे ढग आणि घाटातले वारे, जे ही मुलं लहानपणापासून बघतात, तिथूनच.

रविवारी चुलतभाऊ आला होता, टेक्निकलचा पेपर जवळ आलाय त्याचा. "ताई, किती प्रश्न पाठ करू?" म्हणाला. मी किराण्याच्या बिलाची मागची बाजू पुढे केली आणि स्टॉल झालेला पंख काढायला सांगितला. त्याने पंख काढला, नाक आकाशाकडे केलं, हवेचे बाण मात्र काढलेच नाहीत. मी म्हटलं, हवा कुठून येतेय? तो बराच वेळ बिलाकडे बघत बसला. मग पेन्सिल उचलली आणि पहिला बाण खालून काढला.