अमेरिकेच्या डेल्टा विमान कंपनीच्या वैमानिकांच्या ३४ टक्के पगारवाढीबद्दल खुलासा

'संप केला आणि डेल्टाच्या वैमानिकांचा पगार एका फटक्यात ३४ टक्के वाढला' हा मेसेज पुन्हा फिरतोय. मागे मीही तो पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा.

संप झालाच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ९९ टक्के वैमानिकांनी गरज पडल्यास संपाला मंजुरी दिली, इतकंच. अमेरिकेच्या रेल्वे कामगार कायद्याखाली (हो, विमान कंपन्यांनाही तोच लागू!) मध्यस्थीचे टप्पे संपल्याशिवाय संप करता येत नाही.

मार्च २०२३ मध्ये ७८ टक्के मतांनी करार मंजूर झाला. वाढ टप्प्याटप्प्याने होती: सहीच्या वेळी १८, मग २०२४ मध्ये ५, २०२५ आणि २०२६ मध्ये ४-४ टक्के. बेरीज ३१ येते, पण चक्रवाढीने १०० चे १३४ होतात. वैमानिक संघटनेने जाहीर केलेले टप्पे घेऊन कॅल्क्युलेटरवर करून बघा. शिवाय आधीच्या कराराची मुदत २०१९ अखेरची. कोविडमुळे बोलणी रखडली होती, तेही मेसेजमध्ये नाही.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना माझ्याकडून आला, त्यांनी तो डिलीट करावा.