इंग्रजी धावतं तिथे मराठी चालतं

परवा भाचीची वही बघत बसले होते. सातवीत आहे, इंग्रजीची दहा वाक्यं मराठीत करून न्यायची होती, आणि त्यातल्या चार वाक्यांभोवती लाल पेनने गोल. त्यातलं एक वाक्य होतं, द कंपनी रॅन आऊट ऑफ मनी. हिने लिहिलं होतं, "कंपनी पैशातून बाहेर पळाली." बाजूला लाल अक्षरात "अर्थ?" एवढंच, पुढे काही नाही. मला म्हणाली, "मावशी, रन म्हणजे पळणे ना? आऊट म्हणजे बाहेर ना? मग माझं चुकलं कुठे?" आणि खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही, मी गेली अठरा वर्षं भाषांतराचंच काम करते तरीसुद्धा.

तेव्हापासून हा रन डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट सांगते जी मी त्या पोरीलाही सांगितली. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी म्हणून जो इंग्रजीचा सगळ्यात मोठा कोश आहे, त्याची १९८९ ची वीस खंडांची आवृत्ती आहे, त्यात सगळ्यात लांब नोंद होती सेट या शब्दाची, सुमारे ४३० अर्थ. मग त्यांनी तिसऱ्या आवृत्तीसाठी शब्द नव्याने तपासायला घेतले, सुरुवात केली एम अक्षरापासून, आणि २००० साली मेक ने सेटला मागे टाकलं, २००७ मध्ये पुट पुढे गेला, आणि २०११ मध्ये आला रन. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! नाम वेगळंच. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाने हे काम केलं आणि त्याला त्या एका शब्दाला नऊ महिने लागले. तीन अक्षरांचा शब्द, नऊ महिने. आणि आपण सातवीतल्या मुलीला सांगतो रन म्हणजे पळणे, लिही आणि पाठ कर.

आता कोणी म्हणेल की ६४५ अर्थ कोणाला लागतात रोज. नाही लागत, बरोबर आहे. पण तीसचाळीस तर लागतातच, आणि ते इतके साधे असतात की इंग्रजी बोलणाऱ्याला ते वेगवेगळे अर्थ आहेत हे जाणवतही नाही. नदी रन करते, नाक रन करतं, नळ रन करतो. माणूस दुकान रन करतो, अंगात ताप रन होतो, एखादा आजार घराण्यात रन होतो. वर्तमानपत्र बातमी रन करतं, नाटकाचा रन असतो, पुस्तकाची एका वेळी जेवढी छपाई होते तो प्रिंट रन. कोंबड्यांना फिरायला जाळी लावून जागा करतात त्यालाही रन, बर्फावरून घसरत येतात त्या उतारालाही रन, आणि पोट बिघडलं की द रन्स. रस्ता नदीच्या कडेने रन होतो, म्हणजे तो रस्ता जागचा हलत नाहीये तरी रन! हे मला लहानपणी फार विचित्र वाटायचं, आणि मग एक दिवस लक्षात आलं की आपणही "हा रस्ता कुठे जातो" असंच विचारतो की, रस्ता कुठे जातो, तो तर तिथेच असतो.

तर भाचीच्या प्रश्नाकडे येते, कारण त्याचं उत्तर खरोखर सुंदर आहे आणि ते तिला त्या लाल गोलाच्या शेजारी कोणीतरी द्यायला हवं होतं.

रन म्हणजे फक्त पळणं असं कधीच नव्हतं. हा शब्द ज्या जुन्या जर्मॅनिक मुळातून आलाय त्यात पळणं आणि वाहणं दोन्ही एकत्र होतं. जर्मनमध्ये आजही त्याच कुळातले दोन वेगळे शब्द दिसतात, रेनेन म्हणजे पळणे आणि रिनेन म्हणजे पाणी ओघळणे, झिरपणे. इंग्रजीत ते सगळं मिळून एकच रन झालं. म्हणजे नाक रन होतं तेव्हा नाक काही पळत नाही, तिथे तो जुना वाहण्याचा अर्थ आहे, आणि तो पळण्याइतकाच जुना आहे, मागून चिकटवलेला नाही. आणि गंमत बघा, आपल्याकडे संस्कृतात धाव् हा धातू आहे ना, ज्यावरून आपलं धावणं आलं, त्याचेही धावणे आणि वाहणे असे दोन्ही अर्थ आहेत. या दोन शब्दांचं एकमेकांशी नातं नाही, पण दोन्हीकडच्या माणसांना कधीकाळी पळता माणूस आणि वाहतं पाणी एकसारखंच दिसलं असणार. मला हे वाचलं तेव्हा काटा आला होता अंगावर.

मग आता ते वाक्य परत बघा. मी तिला म्हटलं, वाळूचं घड्याळ आठव, वरच्या भांड्यातली वाळू खाली वाहत वाहत संपते, ती वाळू रन आऊट झाली. आता वाळूच्या जागी पैसे ठेव. ती दोन सेकंद गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे पैसे वाहून संपले!" बस्स. मग तिनेच लिहिलं, "कंपनीकडचे पैसे संपले." कोणी सांगायची गरजच पडली नाही. लगेच पुढचा प्रश्न, मग क्रिकेटमधला रन आऊट? त्याला आपण धावबाद म्हणतो, तिथे खरंच पळणं आहे, रन काढताना बाद. तेच दोन शब्द, तोच उच्चार, आणि एकात वाळू वाहतेय तर दुसऱ्यात माणूस पळतोय. तिला हे इतकं आवडलं की तिने ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं.

आता माझ्या मनातला मुख्य मुद्दा. आपण शब्दाचा अर्थ शिकवतो आणि शब्दाची संगत शिकवत नाही. एकीकडे इंग्रजी शब्द, दुसरीकडे मराठी अर्थ, मधे बरोबरचं चिन्ह. हे बरोबरचं चिन्हच मुळात खोटं आहे हो. टेबल, पेन्सिल, गुडघा इथपर्यंत ठीक. पण रन, सेट, गेट, टेक, पुट, मेक या शब्दांना ते चिन्ह लागूच पडत नाही, आणि भाषेतली निम्मी कामं हेच छोटे शब्द करतात. मग त्यावर उपाय म्हणून पुढच्या इयत्तेत दुसरी यादी देतात, रन इन्टू म्हणजे अचानक भेटणे, पाठ करा. अहो पण गाडी भिंतीत रन इन्टू झाली तर ती भिंतीला भेटली का, आदळली. माणूस अडचणीत रन इन्टू झाला तर सापडला. खर्च लाखांत रन इन्टू झाला तर लाखांच्या घरात गेला. भेटला, आदळली, सापडला, गेला, चार वेगळे शब्द आणि यादीत एकच.

मला स्वतःला हे फटका खाऊन कळलं. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं, कपड्यांच्या लेबलवरच्या सूचना मराठीत करायच्या होत्या. कलर्स मे रन. मी लिहिलं, "रंग वाहू शकतात." शब्दाला शब्द बरोबर, मी खूश. माझं काम तपासणाऱ्या बाई वयाने बऱ्याच मोठ्या होत्या, त्यांनी मला शेजारी बसवलं आणि शांतपणे विचारलं, "अगं, तुझी आई कपडे भिजवताना काय म्हणते?" मी म्हटलं, "याचा रंग जातो, वेगळं भिजव." त्या म्हणाल्या, "मग तेच लिही ना." तेवढंच. आईच्या तोंडचं वाक्य मला आयुष्यभर माहीत होतं आणि समोर इंग्रजी आल्याबरोबर मी ते विसरले होते. त्यानंतर असंच एक वाक्य आलं, रन द टॅप अंटिल द वॉटर रन्स क्लिअर. एका वाक्यात दोन रन. त्याचं मराठी, "पाणी स्वच्छ येईपर्यंत नळ सोडून ठेवा." एक रन झाला सोडणं, दुसरा झाला येणं, पळणं नाही, वाहणंही नाही. मी अजूनही नवीन मुलांना पहिल्या दिवशी हेच वाक्य देते.

आणि आपली मराठी काही कमी नाही बरं का. आपला चालणे घ्या. मी एकदा लिहीत बसले तर थांबताच येईना. मशीन चालतं, घड्याळ चालतं, दुकान चालतं, घर चालवतात, गाडी चालवतात, संस्था चालवतात. नाटक चाललं, धंदा चालला नाही. डोकं चालत नाहीये आज. त्याची जीभ फार चालते. इथे तुझं काही चालायचं नाही. ही नोट चालणार नाही. पूर्वीपासून चालत आलंय. शिवाय नाम, गाण्याची चाल, बुद्धिबळातली चाल, माणसाची चाल आणि कोणीतरी खेळलेली चाल. आता नीट बघा, यातल्या कितीतरी ठिकाणी इंग्रजी रन म्हणतं. इंग्रजांचं मशीन धावतं, आपलं चालतं. त्यांचं दुकान धावतं, आपलं चालतं. त्यांच्याकडे गिरण्या आल्या, इंजिनं आली आणि ती रन होऊ लागली, मग आगगाड्या वेळापत्रकाप्रमाणे रन होऊ लागल्या, मग कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम रन झाला, एकेक नवीन गोष्ट आली आणि त्या बिचाऱ्या तीन अक्षरांनी ती उचलली. आपल्याकडे तेच ओझं चालण्याने उचललं. फक्त प्रोग्रॅमच्या बाबतीत आपण चालवणं सोडून सरळ रन उचलला, "रन करून बघ" म्हणतो, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही, शब्द असेच येतात.

(लागणे वर मी आज लिहितच नाही. आग लागते, भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, वेळ लागतो, मन लागतं, वाट लागते. त्याची पोस्ट वेगळी होईल.)

बरं इंग्रजी बोलणाऱ्यांचं तरी आपापसात एकमत कुठे आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी रन करतो, ब्रिटनमध्ये तोच स्टँड करतो, म्हणजे एकीकडे पळतो आणि एकीकडे उभा राहतो. आपण निवडणुकीला उभा राहिला म्हणतो, ब्रिटिशांसारखंच, आणि निवडणूक लढवली असंही म्हणतो, पळत मात्र कोणी नाही. पायमोज्याची वीण उसवून उभी रेघ गेली की अमेरिकन बाई त्याला रन म्हणते, ब्रिटिश बाई लॅडर म्हणते, म्हणजे शिडी, आणि त्या उसवलेल्या वीणीकडे नीट बघितलं तर खरंच शिडीसारखे आडवे धागे दिसतात. एकाच फाटक्या मोज्यात एकीला धाव दिसली, दुसरीला शिडी दिसली. दोघी बरोबर आहेत.

म्हणून मला त्या लाल गोलाचा राग आला, आणि अजून गेलेला नाही. पोरीने चूक केली म्हणून गोल करा, हरकत नाही, पण पुढे एक वाक्य लिहायला काय जातं? पुढच्या वेळी ती अंदाज बांधायलाच घाबरेल. भाषेत अंदाज बांधता आला पाहिजे, शेजारचे शब्द बघून, वाक्य कोण कोणाला बोलतंय ते बघून. आपण सगळे आपली भाषा तशीच शिकलो, कोणीही आपल्याला चालणेचे अर्थ पाठ करायला दिले नव्हते.

आता आम्ही दोघींनी एक वेगळी वही केली आहे. त्यात अर्थाचा रकाना नाही, फक्त पूर्ण वाक्यं. डावीकडे रन असलेलं खरं वाक्य, कुठेतरी वाचलेलं किंवा ऐकलेलं, आणि उजवीकडे तेच आपण घरी कसं म्हणू ते. अट एकच, आजीला वाचून दाखवायचं आणि आजीने "असं कोण बोलतं?" म्हटलं तर खोडून परत लिहायचं. काल संध्याकाळपर्यंत ४३ वाक्यं झाली, त्यातली अकरा आजीने परत पाठवली. "आय ॲम रनिंग लेट" ला भाचीने आधी "मी उशिरा पळतेय" लिहिलं होतं, आजीने मान हलवली, मग "मला उशीर होतोय" झालं, आणि ते लिहिताना ती स्वतःच म्हणाली की मावशी, यात तर मी काहीच करत नाहीये, उशीर आपोआप होतोय. सातवीतली मुलगी हो!

काल झोपताना तिने उलटा प्रश्न टाकला, आपल्या "चालेल" ला इंग्रजीत काय म्हणायचं. मी तीन उत्तरं दिली, एकही तिला चाललं नाही. तुमच्याकडे असेल तर कमेंटमध्ये लिहा, आणि रनची वाक्यं पण द्या, पूर्ण वाक्य द्या फक्त, आजीपर्यंत पोचवते.